हुशार पोराला मास्तर कसा हवा?

श्रोतेहो, नमस्कार.

जून लागला की आपल्याकडचे पालक भेटतात आणि एकच विचारतात, "सर, पोरगं लई हुशार आहे, कोणत्या क्लासला टाकू?" क्लासची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. स्कॉलरशिप, नवोदय, एनएमएमएस, होमी भाभा अशा परीक्षा. प्रत्येकीचा क्लास वेगळा आणि गाईड वेगळं. अशा पोराला शिकवणारा माणूस कसा असावा, हे मात्र कोणी विचारत नाही. आज त्याविषयीच बोलतो.

पहिला नंबर काढणारं पोर आणि असाधारण बुद्धीचं पोर, ही दोन्ही एकच असतील असं नाही. पहिलं पोर सांगितलेलं नीट करतं. दुसऱ्याची वही बऱ्याचदा गचाळ असते. उत्तर केव्हाच कळलेलं असतं, पायऱ्या लिहायचा कंटाळा येतो, मग शेजाऱ्याच्या खोड्या सुरू होतात. जोसेफ रेंझुली या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलं की तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे असामान्यता दिसते: सरासरीहून वरची क्षमता, नवं सुचण्याची ताकद आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. आपल्या गुणपत्रिकेत यातली पहिलीच काय ती थोडीफार उतरते. तिसरी तर काम तोलामोलाचं असल्याशिवाय दिसतच नाही.

आणि आपण काम काय देतो? पोरानं दहा गणितं झटक्यात सोडवली, की "झाली? मग पुढची दहा कर." म्हणजे लवकर केल्याची शिक्षाच. नाहीतर त्याला मॉनिटर करून खडू हातात द्यायचा, "जा, पहिलीचा वर्ग सांभाळ." शिक्षकांची पदं रिकामी असतात, एकेका गुरुजीकडे दोन-दोन वर्ग असतात, हे मला माहीत आहे. तरी त्या पोराचा तास फुकट गेला तो गेलाच.

समजा, आपल्या खानदेशातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातली एक शाळा आहे. सातवीचा वर्ग. फळ्यावर गणित: पाच बाय पाच फुटांवर केळी लावली, तर एकरात खोडं किती? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याला पंचवीसनं भागलं की साधारण १,७४२. गणित संपलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोर विचारतं, "सर, पुढच्या ओळीतलं रोप समोरासमोर न लावता दोन रोपांच्या मधोमध लावलं तर?"

आता मास्तरची परीक्षा आहे. एक मास्तर म्हणेल, "विचारलंय तेवढं कर." दुसरा त्याला फळ्यापाशी बोलावतो. तीन रोपं जोडून काढतो. सगळीकडे अंतर पाच फूटच ठेवलं तर समभुज त्रिकोण होतो आणि दोन ओळींतलं अंतर पाचावरून साधारण ४.३३ फुटांवर येतं. पुन्हा भागाकार करायचा. खोडं होतात दोन हजारांच्या थोडी वर, म्हणजे जवळपास १५ टक्के जास्त! पोराचे डोळे चमकतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग सगळेच लोक असं का लावत नाहीत?" मास्तर म्हणतो, "ते मला सांगता येणार नाही. घरी आजोबांना विचार, उद्या वर्गाला सांग." दुसऱ्या दिवशी पोर ठिबकच्या नळ्या, ऊन, घड वाहून काढायची वाट असं सगळं घेऊन येतं. मास्तर ते फळ्यावर मांडतो.

यात दोन गोष्टी लागल्या. त्रिकोणाचं गणित मास्तरला पक्कं येत होतं. विषय कच्चा असेल तर नुसतं प्रेमळ असून भागत नाही. आणि वर्गासमोर 'येत नाही' म्हणताना त्याचा चेहरा पडला नाही. माझ्या अनुभवात ही दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ. पोर आपल्यापेक्षा हुशार निघालं की पुष्कळांना ते टोचतं, मग "लई शहाणा झालास का?" असं निघून जातं तोंडातून. तसं दोनदा झालं की पोर विचारायचंच सोडतं.

आपल्याकडे भाषेचाही मामला आहे. साक्री-शिरपूरकडचं पोर घरी अहिराणी बोलतं, सातपुड्यातलं भिली किंवा पावरी. त्यानं 'आहे' ऐवजी "उत्तर बरोबर शे" म्हटलं की वर्ग हसतो आणि मास्तर उत्तर सोडून भाषा तपासत बसतो. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या कुणी त्या काळी पेपर म्हणून तपासल्या असत्या, तर किती गुण पडले असते?

खानदेशात शिक्षकावर बोलायचं आणि साने गुरुजींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. पण आपण त्यांची माया तेवढी सांगतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० ते शिकवत होते. वसतिगृहातल्या पोरांची कामं त्यांनी स्वतः केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच पोरांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत, हे कमी जण सांगतात. रोजच्या रोज मुलांपुढे नवं वाचायला ठेवायचं म्हणजे मास्तरनं स्वतः किती वाचायचं!

आता एक लांबची गोष्ट. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या शाळेत गाउस नावाचं गरीब घरचं पोर होतं, पुढे जगातला थोर गणिती झालेलं. बेरजेचं लांबलचक गणित त्यानं क्षणात केलं, ती कथा तुम्ही ऐकली असेल. तिथला मास्तर ब्यूटनर कडक, छडीवाला. पण त्यानं वरच्या पातळीचं पुस्तक बाहेरून मागवून गाउसला दिलं आणि आपल्याजवळ याला शिकवण्यासारखं उरलं नाही हे ओळखलं. शाळेत बार्टेल्स नावाचा मदतनीस होता, गाउसपेक्षा आठच वर्षांनी मोठा. तो त्याच्यासोबत बसून गणित शिकला. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझानला प्राध्यापक झाला आणि तिथे त्याच्या हाताखाली लोबाचेव्हस्की शिकला, भूमितीला नवी वाट देणारा. एकाच माणसाच्या वाट्याला असे दोन विद्यार्थी आले, याला मी तरी नुसतं नशीब म्हणणार नाही.

इतकं लांब कशाला जा. चाळीसगावजवळ पाटणे इथला शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला दान मिळालं, त्यात तिथल्याच बाजारातल्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिल्याचं शिलालेखाच्या मराठी भागात कोरलंय. गणिताच्या शिक्षणाला बाजारानं पैसा पुरवला, तोही आपल्या जळगाव जिल्ह्यात. आजच्या बाजार समित्यांना हे कळवलं पाहिजे, असं मला उगाच वाटतं.

शेवटी, मास्तरचं काम शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. चोपडा-शहाद्याकडच्या खेड्यातली मुलगी घ्या. दहावीपर्यंत विज्ञानात सगळ्यांच्या पुढे. निकालानंतर घरचे म्हणतात, झालं तेवढं बस झालं. तिला अकरावी सायन्सला पाठवायचं की नाही, हे पेपरातल्या गुणांवर ठरत नाही. ते ठरतं ओट्यावर, बापाशी बोलताना. त्या वेळी मास्तर तिथे बसलेला हवा. तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा उघडी असते की कुलपात, फिजिक्स कोण शिकवतं, मुलींना एसटीचा पास मोफत कसा मिळतो, त्याला कागद कोणते लागतात आणि संध्याकाळची शेवटची गाडी फाट्यावर किती वाजता येते, हे त्याला तोंडपाठ असायला हवं. बाप पहिला प्रश्न त्या गाडीचाच विचारतो.

नमस्कार.