ट्रॅक होईल हो, कुलूप कोण उघडणार?

बसा बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. आयोजकांनी पत्रिकेत 'मार्गदर्शन' असं छापलंय, ते मनावर घेऊ नका. मी बांधकाम विभागातला माणूस, नोकरीभर एस्टिमेटं केली, त्यातली तीन-चार विद्यापीठांच्या मैदानांची होती, आणि त्यात काय काय चुकलं ते मला चांगलं आठवतंय, तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात खाशाबांपासून करतो. पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबा जाधवांचं नाव दिलंय, योग्यच आहे. लोक 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिकचं कुस्तीतलं ब्राँझ सांगतात, मला 1948 जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी लंडनला ते फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले, आणि गडी मॅटवर उतरला तोच तिथे पहिल्यांदा. कोल्हापुरात सगळी मेहनत तांबड्या मातीत झालेली, आणि मातीतली कुस्ती वेगळी, मॅटवरची वेगळी, हे तालमीत गेलेल्या कुणालाही विचारा. मग हेलसिंकीच्या वेळी पैसे कमी पडले तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. ही गोष्ट आपण दर गॅदरिंगला सांगतो, टाळ्या घेतो. माझं म्हणणं एवढंच की त्या 7000 मधून प्रवास झाला. मॅटसाठी कुणी काय गहाण ठेवलं? कुणीच नाही, तसलं काही सुचतच नाही आपल्याला. आणि गंमत बघा, पुणे विद्यापीठ 1949 चं, सुरुवातीला 12 जिल्हे त्याच्याकडे, कोल्हापूरसुद्धा, शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये वेगळं झालं. म्हणजे ब्राँझ आलं त्या वर्षी राजाराम कॉलेज पुणे विद्यापीठाच्याच कक्षेत होतं. आज संकुलाला जे नाव दिलंय ते कोल्हापूरचं खरं, पण विद्यापीठालाही काही परकं नाही.

आता पैसा. पूर्वी पंचवार्षिक योजना होत्या, यूजीसीकडून, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडून, क्रीडा सुविधांसाठी अनुदान यायचं, बारावी योजना 2017 ला संपली आणि तो रस्ता मोठ्या कामांसाठी जवळपास बंद झाला. आता केंद्राची खेलो इंडिया योजना आहे, राज्याची क्रीडा संकुलं आहेत पण ती तालुका-जिल्हा-विभाग अशी, विद्यापीठ त्यात नीट बसत नाही. मग उरतो विद्यापीठाचा स्वतःचा निधी, माजी विद्यार्थी आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. सीएसआरबद्दल फार गैरसमज आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यात, 135 कलमात जी मोठी कंपनी बसते तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचा, बरोबर. पण त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळाबद्दल जे लिहिलंय ना, ते 'प्रशिक्षण' असं लिहिलंय, ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक, ऑलिंपिक यांच्यासाठीचं प्रशिक्षण. त्यामुळे तुम्ही नुसता प्रेक्षक गॅलरीचा प्रस्ताव घेऊन गेलात तर त्यांचा कंपनी सेक्रेटरी पहिल्या पानावरच अडतो. तेच कोच, मुलांची बॅच आणि त्यांना लागणारा हॉल असा प्रस्ताव मांडला की बोलणं तरी पुढे जातं. हे मला दोन वेळा हात हलवत परत आल्यावर कळलं.

खेळाची फी पण असते, प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतली जाते. समजा 50 रुपये धरा आणि विद्यापीठाशी जोडलेले 5 लाख विद्यार्थी, झाले अडीच कोटी. ऐकायला बरे वाटतात, पण त्यातच स्पर्धांचा प्रवास, दैनिक भत्ता, ट्रॅकसूट, पंचांचं मानधन, आणि उरलेल्यातून बांधकाम म्हणजे चहाच्या पैशातून घर बांधण्यासारखं आहे. शिवाय नगरच्या किंवा नाशिकच्या कॉलेजातला पोरगा विचारतो, सर माझे 50 रुपये पुण्याच्या ट्रॅकवर घातले, मी तिथे कधी पळणार? याला सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेत, कुणाकडे उत्तर नसतं, तेवढ्यापुरत्या सगळे माना डोलावतात.

बांधकाम. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कंटाळा आला तर चहा बाहेर ठेवलाय.

सिंथेटिक ट्रॅक म्हटलं की सगळ्यांना तो लाल-निळा रंग दिसतो. तो वरचा थर साधारण 13 मिलिमीटरचा असतो हो, बोटाच्या जाडीचा! खरा ट्रॅक त्याच्या खाली. डांबराचे थर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम, आणि सगळ्यात खाली आपली काळी माती, जी पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये आटून भेगा पाडते. ती पूर्ण काढून मुरूम नाही भरला तर दोन पावसाळ्यांत वर सुरकुत्या येतात. एका विद्यापीठात, नाव घेत नाही, एस्टिमेट मंजूर मर्यादेच्या वर जात होतं म्हणून मातीकाम निम्मं केलं आणि कडेची पाण्याची चॅनेल काढून टाकली, मीही त्या कागदावर सही केली, आता लपवून काय करू. तिसऱ्या पावसाळ्यात 200 मीटरच्या वळणावर पाणी साचायला लागलं आणि थर सुटला. उताराचं गणित नाजूक असतं, रुंदीत 100 ला 1 पेक्षा जास्त उतार चालत नाही, पळायच्या दिशेला तर 1000 ला 1, म्हणजे पाणी जाणार ते आतल्या कडेला आणि तिथे चॅनेलच नाही, मग जाणार कुठे? ते चॅनेल वाचवून जेवढे पैसे राहिले त्याच्या कितीतरी पट दुरुस्तीत गेले.

बरं, मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची, संध्याकाळचा सूर्य डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हे पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं. पण कॅम्पसमध्ये रस्त्यावरून स्टेज छान दिसावं म्हणून मैदान फिरवलेलं मी बघितलंय, गोलकीपर पाच वाजता कपाळावर हात ठेवून उभा.

इनडोअर हॉलची तर वेगळीच कथा. बॅडमिंटनला कोर्टाच्या वर 9 मीटर तरी मोकळी उंची लागते, मोठ्या स्पर्धांना 12. आर्किटेक्ट म्हणतो, सर एक मजला वाढवता येईल. नको! लाकडी फ्लोअर घातला, खालून लवचिक, गुडघे वाचवणारा, आणि उद्घाटनानंतर दीड महिन्यात तिथे पदवीप्रदान. हजार लोखंडी खुर्च्या. खुर्चीच्या पायाला रबरी टोपी सुद्धा नव्हती. कोच बिचारे दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून ओरखडे मोजत होते आणि मी शेजारी उभा राहून म्हणतोय की मल्टीपर्पज तर निविदेतच लिहिलं होतं. मल्टीपर्पज हा शब्द दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो.

पैसा टप्प्याने येतो हेही लक्षात घ्या. पहिला हप्ता खर्च करा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग दुसरा. ते प्रमाणपत्र अडकलं की काम थांबतं, ठेकेदाराची माणसं दुसऱ्या साइटवर जातात, अर्धवट खडी पावसात वाहते, परत आल्यावर रिव्हाइज्ड एस्टिमेट. ते इमारत व बांधकाम समिती, मग वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद. दोन-तीन महिने सहज जातात, आणि तोवर मे संपतो. म्हणून मी नेहमी सांगतो की खोदकाम दिवाळीनंतर लगेच सुरू झालंच पाहिजे, नाहीतर ते वर्ष गेलं असं समजा.

आणि हे सगळं नीट झालं तरी पुढे काय? 2020 मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाल्या, पुणे विद्यापीठ दुसरं आलं, सुवर्णं पंजाब विद्यापीठाइतकीच, 17, फक्त रौप्यांत मागे पडलं. म्हणजे पोरं आपल्याकडे आहेत हो. पण कुठल्याही विद्यापीठाच्या मैदानावर सकाळी साडेपाचला जा. गेटला कुलूप. शिपाई आठला येतो, कारण त्याची ड्यूटी आठची आहे. दिवे आहेत पण लाइटबिल क्रीडा विभागाच्या बजेटच्या हेडमध्ये बसत नाही म्हणून संध्याकाळी सातला बंद. बांधकामाला कोटी मिळतात, त्याची कोनशिला बसते, पाहुण्यांचं नाव कोरलं जातं. ग्राउंड्समनच्या पगाराची कोनशिला कोण बसवणार? सिंथेटिक थर आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो, त्यासाठी पहिल्या वर्षापासून दरवर्षी काहीतरी बाजूला टाकायला हवं, असा हेड मी एकाच ठिकाणी पाहिला आणि तोही तिसऱ्या वर्षी दुसरीकडे वळवला.

म्हणून माझी एक जुनी खोड आहे. कुणी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, घेऊन आलं की मी शेवटचं पान आधी उघडतो. तिथे पाणी, वीज, दोन ग्राउंड्समन, सकाळ-संध्याकाळचा शिपाई आणि बदलीच्या थराचा वार्षिक आकडा नसेल तर पहिलं पान वाचत नाही. लोक चिडतात, चिडू देत.

(इथे मागून प्रश्न आला, बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन मैदान द्यावं का.) द्यावं ना, पण वेळ ठरवून. वॉकिंगवाले काका-काकू सकाळी सहा ते साडेसात, पास घेऊन, आणि आतल्या तीन लेन सोडून, कारण झिजतात त्याच आधी. कॉर्पोरेट क्रिकेटला रविवार, पण ट्रॅकवर स्पाइक्स किंवा गाडी आणली तर डिपॉझिट जप्त. आणि ते पैसे विद्यापीठाच्या जनरल फंडात नाही, मैदानाच्या खात्यातच जायला हवेत. हा ठराव व्यवस्थापन परिषदेत पास करून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि मी रिटायर झाल्यावर पहिल्याच बैठकीत तो रद्द झाला. चहा थंड होतोय, चला.