कॅन्सर आटोक्यात, डायलिसिस चालू

[दृश्य: डायलिसिसच्या खुर्चीवर टेकवलेला हात, अगदी जवळून]

कातडीखाली फुगून आलेली ही शीर म्हणजे फिस्टुला. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनी थेट शिरेला जोडलेली असते. बोट ठेवा, थरथर जाणवेल. डायलिसिसवरचा माणूस रोज ती चाचपतो, कारण थरथर थांबली तर लगोलग हॉस्पिटल गाठावं लागतं. या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, जड पिशवीसुद्धा अडकवायची नाही.

इथे किडनी निकामी केली ती कॅन्सरने. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशी लाइट चेन नावाची प्रथिनं रक्तात बेसुमार सोडतात. ती किडनीच्या बारीक नलिकांमध्ये साकळून बसतात. आधी नुसती पाठ दुखते. माणूस पेनकिलर घेत राहतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या आजारी किडनीला आणखी खच्ची करतात. मग एक दिवस क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट हातात पडतो.

पूर्वी हे दोन आजार एकत्र आले की डॉक्टर महिन्यांचा हिशोब सांगत. २००३ मध्ये अमेरिकेत मायलोमावरच्या बोर्टेझोमिब या औषधाला मान्यता मिळाली. त्याचा डोस किडनी बंद असली तरी कमी करावा लागत नाही. ते डायलिसिस आटोपल्यावर देतात, एवढंच. लाइट चेन झपाट्याने उतरल्या तर काहींचं डायलिसिस सुटतं. म्हणून सुरुवातीचे आठवडे फार मोलाचे.

ज्यांचं सुटत नाही, त्यांचं काय?

[दृश्य: वजनकाटा]

आठवड्यातून सहसा तीनदा, चार-चार तास मशीन. आधी वजन, नंतर वजन. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते काटा सांगतो. कॅन्सरची भीती वर्षांगणिक बोथट होते म्हणतात. तहानेचं तसं नाही. पाणी मोजूनमापून प्यायचं, आणि केमोने तोंड कोरडं पडलेलं. शिवाय दर काही आठवड्यांनी लाइट चेनची तपासणी. आकडा चढला की औषध बदलायचं. मायलोमा बहुतेकदा उलटतो, हे धरूनच चालावं लागतं.

नवी किडनी? तो विषय कॅन्सर बराच काळ शांत राहिल्यावरच निघतो. लाइट चेन पुन्हा वाढल्या, तर तीही निकामी होऊ शकते.