मोकळ्या प्लॉटवरची पांढरी फुलं

[दृश्य: पुण्याचं उपनगर, सप्टेंबरातली सकाळ. दोन इमारतींमधला रिकामा प्लॉट.]

गणपती गेले, पाऊस ओसरला, की घरोघरी शिंका सुरू होतात. उठल्या उठल्या, एकामागून एक. नाक पाण्यासारखं गळतं, टाळू खाजते, डोळे चोळून चोळून लाल. ‘हवा बदलली’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

पण हवेत नेमकं काय बदललं? सोसायटीच्या भिंतीपलीकडे बघा. कुंपण घातलेला, वर्षानुवर्षं न बांधलेला प्लॉट, आणि त्यात कमरेएवढं माजलेलं गाजर गवत. गावाकडे याला नुसतं ‘काँग्रेस’ म्हणतात. म्हणायला गवत, कूळ मात्र सूर्यफूल, शेवंती, झेंडूचं.

[दृश्य: फूल, अगदी जवळून.]

हे फूल जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर झुबका आहे. कडेला पाच मादी फुलं. बी धरतं ते फक्त त्यांनाच. मधली सगळी नर, त्यांचं काम पराग सोडणं. परागकण १५ ते २० मायक्रॉनचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याच्या अंगभर बारीक काटे. अशी शेकडो फुलं एका झाडावर, आणि अशी झाडं प्लॉटभर.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, धान्याची पोती.]

मूळचं हे अमेरिका खंडातलं. पुण्यात त्याची नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हातून बी आलं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण भारताचा तो करार १९५६ सालचा. अर्थात, अमेरिकन गहू त्याआधीही येत होताच. आणि देशातल्या वनस्पतिसंग्रहांत या झाडाचे एकोणिसाव्या शतकातले नमुनेही आहेत. तेव्हा सगळं खापर गव्हावर फोडता येत नाही. काही का असेना, एवढं फोफावलं ते त्यानंतरच.

[दृश्य: दवाखाना. हाताच्या आतल्या बाजूला टोचलेले थेंब.]

या झाडाचा त्रास दोन वाटांनी होतो. पानाफुलांतल्या पार्थेनिन या रसायनामुळे कातडीला खाज सुटते, पापण्या, मान, कोपराच्या खोबणी काळवंडतात, जाड होतात. नाकाची गोष्ट वेगळी. तिथे परागकणातल्या प्रथिनांना शरीर शत्रू समजतं, हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि शिंका लागतात. परागकण बहुतेक नाकातच अडकतात. पण त्यांचे बारीक तुकडे थेट श्वासनलिकांपर्यंत पोचू शकतात. मग रात्रीचा कोरडा खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप.

‘मला लहानपणी कधीच नव्हतं’ हे वाक्य ॲलर्जीच्या दवाखान्यात रोजचं. नसेलही. वर्षानुवर्षं तेच पराग श्वासातून जात राहिले, की चाळिशीतही ॲलर्जी जडू शकते.

नेमकं कशाचं वावडं आहे, ते स्किन प्रिक टेस्टमध्ये कळतं. हातावर वेगवेगळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी उठते का ते पाहतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरच सांगतील. दमा असेल तर इनहेलर. आणि इथे आपलं घोडं अडतं. ‘पंपाची सवय लागते’, हे शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळे सांगतात. सवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत उतरतं. तेच गोळीतून घ्यायचं तर कितीतरी जास्त घ्यावं लागतं.

[दृश्य: हातमोजे घालून गवत उपटणारी माणसं. पानावर पट्टेरी भुंगा.]

झाडाचं काय? मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा भारतात १९८४ साली सोडला. तो पानं फस्त करतो, पण पावसाळ्यात. पाऊस सरला की जमिनीत शिरून झोपतो. गवत मात्र सांडपाण्यावरही बाराही महिने फुलतं. म्हणून उपटायचं ते ओल असताना, मुळासकट आणि फुलावर यायच्या आत. हातात मोजे, तोंडावर रुमाल. ज्याला दमा आहे त्याने या कामात उतरूच नये. फुलं धरल्यावर उपटलेलं झाड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं, तर त्याचं बी खतातून पुढच्या वर्षी शेतात जातं. आणि प्लॉटचा मालक परगावी असेल, तर महापालिकेकडे तक्रार जुलैतच करावी. ऑक्टोबरात कोणी येऊन यंत्राने गवत कापलंच, तर पराग उडायचे तेवढे उडून गेलेले असतात.