बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं? आधी आईला विचारा

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळ्याच विषयावर बोलायचंय, शीबद्दल. हो हो, बाळाच्या शीबद्दल. जेवायला बसला असाल तर आधी ताट संपवा, मग आवाज वाढवा, मला काही राग येणार नाही. पण घरात बाळंतीण असेल किंवा एक-दोन महिन्यात पाळणा हलणार असेल तर थोडा वेळ कान इकडे द्या.

मी रिटायर्ड सिस्टर. सगळी नोकरी पुण्यातच झाली आणि त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात, त्यामुळे नात्यात कोणाकडेही बाळ झालं की पेढे नंतर येतात, आधी फोन येतात. शिंका आल्या फोन, उचकी लागली फोन. त्याची सवय झालीये. पण एक फोन असा असतो की समोरच्याचा आवाजच वेगळा लागतो.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. रात्रीचे अडीच, धाकट्या बहिणीचा फोन, धनकवडीहून. "ताई, बाळाला रक्ताची शी झाली गं." मागे कोणीतरी रडतंय, कोणीतरी "मी म्हटलं होतं ना, बाहेरचा वारा लागला" म्हणतंय, मोठे दिवे लावलेले, म्हणजे एकूण सगळं घर जागं. बाळ सहा दिवसांचं. माझी भाची पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. म्हटलं आधी फोटो पाठव. फोटो आला. शी छान पिवळी, मोहरीचे दाणे दाणे दिसतात ना तशी, आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा एक तांबडट-काळसर दोरा, शेजारी दोन ठिपके. बास एवढंच. पण पांढऱ्या डायपरवर आणि रात्री अडीचला ते एवढंसं पण केवढं दिसतं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत.

मी विचारायला सुरुवात केली. पितंय का नीट? हो. उलटी झाली का, झाली असेल तर हिरवी का? नाही. पोटाला हात लाव, मऊ लागतंय की टम्म? मऊ. उचलल्यावर डोळे उघडतं का, रडायला जोर आहे का? तर रडणं मला फोनवरच ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत. डिस्चार्ज कार्डवर व्हिटॅमिन के लिहिलंय का बघ. लिहिलं होतं. मग मी विचारलं, हिला पाजताना दुखतंय का?

फोनवर एकदम शांतता. मग भाचीचा आवाज, हळू, "मावशी, डाव्या बाजूला चीर पडलीये. तीन दिवस झाले. पाजताना डोळ्यातनं पाणी येतं." बहीण म्हणते, अगं मग बोलली का नाहीस! आता खोलीत आई, सासू, मालिशवाली बाई, शेजारच्या काकू, प्रत्येकाकडे सल्ला तयार, तिथे सहा दिवसांची बाळंतीण बोलणार कधी आणि कोणाला. तिच्या गाऊनवर आतून तपकिरी डाग होते, ते धुवायला टाकताना पण कोणी बघितले नव्हते.

म्हणजे झालं काय, तर बोंडाला चीर पडली की दुधाबरोबर आईचं थोडं रक्त बाळाच्या पोटात जातं. तेच पुढे शीतून येतं, कधी बाळ दूध ओकलं की त्या ओकारीत पण दिसतं. बाळंतपणाच्या वेळी पण बाळ आईचं रक्त गिळतं, ते मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळ्या चिकट शीबरोबर बाहेर पडतं. रक्त आईचं, बाळाला काही नाही. हे ओळखायची एक टेस्ट पण आहे, १९५५ सालची, लिओनार्ड अॅप्ट नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या नावाने ओळखतात. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं, त्याच्यावर सोडियम हायड्रॉक्साइड घातलं तरी ते गुलाबीच राहतं, आणि आपल्या मोठ्यांचं दोन-चार मिनिटांत पिवळट तपकिरी होऊन जातं. मला ही टेस्ट फार आवडते, एवढ्याशा परीक्षानळीत रक्त कोणाचं याचा निकाल. अर्थात ताजं लाल रक्त असेल तरच जमतं, आणि दर वेळी करावीच लागते असंही नाही, पुष्कळदा डॉक्टर आईला तपासूनच सांगतात.

पण म्हणून मी बहिणीला झोपा आता असं म्हटलं नाही. रात्रभर बाळावर लक्ष ठेवा, पाजणं चालू ठेवा, काही बदललं तर लगेच निघा, आणि सकाळी डॉक्टर. कारण मी फोनवरून काय बघणार? महिन्याच्या आतलं बाळ आणि शीत रक्त, म्हणजे कितीही खात्री वाटली तरी त्याच दिवशी दाखवायचं, यात मी कोणाचं ऐकत नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण अडीचशे मिली, म्हणजे पाणी प्यायचा एक पेला. आपल्याला चमचाभर म्हणजे काहीच नाही, त्याच्या हिशोबाने बघा.

सकाळी डॉक्टरांनी बाळाला तपासलं, वजन केलं, शीची जागा बघितली आणि मग भाचीला म्हणाले, माझ्यासमोर पाज. तिथेच सगळं कळलं. बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडू द्यायचं, भोवतीचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे, हनुवटी आईच्या अंगाला टेकली पाहिजे, आणि बाळाला आपल्याकडे आणायचं, आपण वाकून बाळाकडे जायचं नाही. पाजून झाल्यावर आपलंच थोडं दूध चिरेवर लावून वाळू द्यायचं. पाजणं बंद करायचं नाही, रक्त पोटात गेलं म्हणून बाळाला काही होत नाही. चार दिवसांत चीर भरत आली आणि शीतला दोरा गेला.

आता सगळ्यांचंच एवढं सोपं नसतं. ताजा लालभडक रक्ताचा ओरखडा शीच्या वरून लागलेला असेल, तर बऱ्याचदा शीच्या जागी बारीक चीर असते, जोर करताना पडलेली. ते डॉक्टरांना बघितल्याबरोबर दिसतं.

दुसरं एक कारण आपल्या पुण्यातल्या घरांनी जरा नीट ऐकावं, ते म्हणजे दूध. आईचं नाही, गाईचं. बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं, वजन मस्त वाढतंय, मजेत आहे, आणि शीत शेंबडासारखं चिकट आणि त्यात रक्ताचे तंतू. कधी कधी हे गाईच्या दुधातल्या प्रथिनाचं वावडं असतं. तुम्ही म्हणाल बाळ तर फक्त अंगावर पितंय, गाईचं दूध आलं कुठून? आईच्या ताटातून! आणि आपल्याकडे बाळंतिणीचं ताट म्हणजे काय विचारता, सकाळी दुधातली अळिवाची खीर, मग शतावरी दुधात, दुपारी ताक, रात्री हळदीचं दूध, आणि मधल्या वेळात कोणी भेटायला आलं की त्यांच्याबरोबर पेढा. त्यातलं थोडं प्रथिन आईच्या दुधात उतरतं. मग डॉक्टर सांगतात दोन ते चार आठवडे दुधाचं सगळं बंद. सगळं म्हणजे दही, पनीर, खवा, चहातलं दूध, आणि मनातल्या मनात ठरवून ठेवलेली मस्तानी पण. म्हशीचं चालेल का? नाही, बकरीचं पण नाही, ती प्रथिनं सारखीच असतात. साजूक तुपात पण थोडा अंश राहतो, म्हणून डिंकाच्या लाडवाचं डॉक्टरांना वेगळं विचारा. एक बाई मला म्हणाल्या होत्या, अहो सिस्टर, दूध सोडलं तर दूध येणार कसं? येतं. गाय कुठे दूध पिते? फक्त कॅल्शियमचं बघावं लागतं, गोळी देतात, शिवाय नाचणी आहे, तीळ आहेत. आणि हे आपल्या मनाने सुरू करायचं नाही, उगाच बाळंतिणीचं खाणं तोडायचं आणि बाळाला दुसरंच काहीतरी असायचं. बहुतेक बाळं वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर पडतात.

व्हिटॅमिन के मी का विचारलं ते राहिलंच. रक्त गोठायला ते लागतं, आणि जन्मतः बाळाच्या अंगात ते फार कमी असतं, आईच्या दुधात पण कमीच. म्हणून जन्मल्यावर मांडीत एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात, खूप कमी वजनाच्या बाळाला अर्धा. नावातला के म्हणजे कोआग्युलेशन, हेन्रिक दाम या डॅनिश शास्त्रज्ञाला कोंबडीच्या पिल्लांमध्ये त्याचा शोध लागला आणि १९४३ चं नोबेल मिळालं. इंजेक्शन राहून गेलं असेल तर पहिल्या आठवड्यात, किंवा अगदी दोन-तीन महिन्यांनी पण अचानक रक्तस्राव होऊ शकतो, शीतून, नाळेतून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत. कुठे घरी, कुठे प्रवासात बाळंतपण झालं असेल तर हे मुद्दाम विचारा. आणि डिस्चार्ज कार्ड सापडेल अशा जागी ठेवा हो, पत्रिका लॅमिनेट करून कपाटात आणि कार्ड गाडीच्या डिकीत, असं चालत नाही.

आता ज्यात सकाळची वाट बघायचीच नाही ते ऐका. हिरवी उलटी. पोट फुगून घट्ट. बाळ सुस्त, उठवून पण पीत नाही. अंग तापलेलं किंवा गार पडलेलं. पांढरं फटक दिसतंय. रक्त जास्त आहे, किंवा पिवळी शी सुरू झाल्यावर परत डांबरासारखी काळी झालीये. नाळेतून पण रक्त येतंय किंवा अंगावर काळेनिळे डाग आहेत. आणि बाळ दिवसांआधी झालेलं असेल तर नुसतं रक्त दिसलं तरी निघायचं, कारण त्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते बघता बघता बिघडतं. १०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. ससूनला रात्री पण इमर्जन्सी चालू असते. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशाच्या विचाराने सकाळ करू नका.

जाताना ते डायपर बरोबर घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत. टाकून देऊ नका. फोटो काढलात तर ट्यूबलाइट लावून काढा, पिवळ्या दिव्यात सगळंच तांबडं दिसतं. आणि तोपर्यंत बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही नाही. गुटी नाही, मध नाही, एरंडेल तर अजिबात नाही. मला माहितीये आजी रागावणार आहेत, रागवा, पण वर्षाच्या आत मध विषासारखा ठरू शकतो, आणि सहाणेवर उगाळलेल्या गुटीबरोबर काय काय जंतू जातात ते मी वॉर्डात बघितलंय.

आणि हो, दिसतंय ते सगळं रक्तच असतं असंही नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत डायपरवर विटकरीच्या भुकटीसारखा डाग पडतो, ते लघवीतले क्षार, बाळाला दूध कमी पडत असेल हे सांगतात. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात कधी कधी शूच्या जागेतून थोडं रक्त जातं, आईच्या हार्मोन्सचा परिणाम, आपोआप थांबतं, तेव्हा जागा नीट बघा. एकदा तर कसब्यातल्या एक आजी लाल डाग पडलेला लंगोट घेऊन धावत आल्या, आम्ही सगळ्या घाबरलो, तर तो लंगोट जुन्या साडीचा, आजींनी हौसेने काठासकट शिवलेला आणि पहिल्याच शूला काठाचा रंग गेलेला! बाळ आपलं दुपट्यात मजेत. तरी मी म्हणेन आजी आल्या ते बरं केलं.

धनकवडीचं बाळ आता बाळसं धरतंय. तरी बहिणीचे फोन चालूच, मागच्या रविवारी परत, ताई बाळ शी करताना लाल होतं गं. म्हटलं सगळीच होतात, जोर करतात ना. ते राहू दे, पोरगी कशी आहे? पाजताना अजून दुखतं का तिला?

"थांब," बहीण म्हणाली, "तिलाच देते."