बॅडबे : निघून गेलेल्यांनी जपलेलं गाव

मंडळी, स्कॉटलंडच्या उत्तरेला, केथनेसच्या किनाऱ्यावर बॅडबे नावाचं एक ओसाड गाव आहे. हेल्म्सडेलहून बेरीडेलकडे जाताना ए-९ रस्त्यालगत गाडी लावायची आणि हेदरच्या झुडपांतून समुद्राकडे चालत सुटायचं. उतारावर ढासळलेल्या घरांच्या दगडी भिंती दिसतात आणि त्यांच्यापलीकडे थेट कडा. आपले पूर्वज कुठे राहत होते हे बघायला लोक दूरदेशांहून इथवर येतात.

कड्यावर राहायची हौस कुणालाच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लँगवेल, औसडेल, बेरीडेलच्या खोऱ्यांतून कुळांना उठवलं गेलं, कारण जमीनदारांना मेंढ्यांसाठी मोकळं रान हवं होतं. उठवलेल्यांच्या वाट्याला हा उतार आला. पुरुष हेरिंगच्या मासेमारीला जात, बायका सूत कातत. वारा असा की गुरंच नव्हे, लहान पोरंसुद्धा कड्यावरून जाऊ नयेत म्हणून खुंट्यांना, दगडांना बांधून ठेवत, असं आजही सांगतात.

लँगवेलचा त्या वेळचा जमीनदार म्हणजे सर जॉन सिंक्लेअर. यानं स्कॉटलंडभरच्या पॅरिशांतल्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, धर्मोपदेशकांना प्रश्नावली धाडली. पिकं काय, मजुरी किती, माणसं किती, सगळं विचारलं आणि १७९१ ते १७९९ या काळात ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’चे २१ खंड छापले. मूळगाव धुंडाळणारा आजही ते उघडतो. आणि लँगवेलवर चेव्हिएट मेंढ्या आणणाराही हाच! मी ते खंड वापरतो, कृतज्ञतेनं वापरतो. पण लिहिणारा धर्मोपदेशक आणि लिहवून घेणारा जमीनदार, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं. ज्याचं घर गेलं त्याला कुणी प्रश्नावली धाडली नव्हती.

त्याच्यासाठी दुसरे कागद बघायचे. १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सक्तीची झाली. मृत्यूच्या नोंदीत आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. त्यातही १८५५ सालची नोंद हाती लागली तर नशीबच म्हणायचं. बाळाच्या जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी नि कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं असतं. एवढं लिहिणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी बरंचसं गाळलं. १८५५ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. १८४३ मध्ये चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघालं, त्यामुळे त्यानंतरचे कित्येक बाप्तिस्मे जुन्या वह्यांत सापडतच नाहीत.

त्यात आडनावांचा घोळ. या भागात सदरलंड, गन, ग्रँट ही नावं फिरून फिरून येतात. बॅडबेच्या एका जॉन सदरलंडला तर गावाचंच नाव चिकटलं, ‘जॉन बॅडबे’. अशी नावं माणसांच्या तोंडी जगतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं : नोंदींचे उतारे काढून झाले की जवळपासच्या वस्तीत वयस्कर माणसांपाशी बसा, घाई करू नका.

याच गावचा अलेक्झांडर रॉबर्ट सदरलंड १८०६ चा. १८३९ मध्ये तो न्यूझीलंडला गेला. १९११ मध्ये शेवटच्या रहिवाशानंही बॅडबे सोडलं आणि त्याच साली अलेक्झांडरच्या मुलानं, डेव्हिडनं, वडिलांच्या आणि गावकऱ्यांच्या स्मरणार्थ तिथे स्मारक उभारलं. दगड वापरले जॉन बॅडबेच्या पडक्या घराचे. त्यावर इथल्या कुटुंबांची नावं कोरली आहेत. जमीनदारानं नव्हे, सरकारनंही नव्हे, निघून गेलेल्या माणसाच्या पोरानं हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

तेव्हा तुमच्या स्नेह्यांपैकी कुणाचं मूळ त्या बाजूचं असेल, तर त्यांना हे सांगा : स्मारकाला फेरी मारून नावं नीट वाचा, परतताना हेल्म्सडेलच्या टाइमस्पॅन संग्रहालयात थांबा. आणि घरात पणजीचं पत्र, जुना फोटो, बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा असं काही असेल, तर त्याची प्रत बरोबर न्या आणि तिथे द्या.