जखम, झाडपाला आणि हळदीचा खटला

श्रोतेहो, नमस्कार. जखमेतून रक्त वाहू लागले की आधी स्वच्छ कापडाने ती घट्ट दाबून धरावी आणि औषधाचा विचार त्यानंतर करावा, हे आरंभीच सांगतो.

रक्त थांबवण्याचे चार उपाय सुश्रुतसंहितेत आहेत: तुरट द्रव्यांनी संधान (जखम सांधणे), थंडाव्याने स्कंदन (रक्त गोठवणे), भस्माने पाचन (जखम पक्व करणे) आणि डाग देऊन दहन. वड, बाभूळ यांच्या सालींतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जखमेवरची प्रथिने साकळतात आणि कातडी आकसते. एकदांडीचा, म्हणजे दगडी पाल्याचा, ताजा पाला तळहातावर चोळून त्याचा हिरवा रस कापलेल्या जागी पिळतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली आहे. जुने तेवढेच पारंपरिक, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हळदीविषयी मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. पिढ्यान् पिढ्या जखमेवर दाबली जाणारी हळद तिकडे नवा शोध ठरली! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 1996 मध्ये फेरतपासणीची मागणी केली. परंतु ‘आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे’ एवढ्याने भागणार नव्हते, कारण परदेशातील ज्ञान छापील स्वरूपात दाखवावे लागे, असा तेव्हाचा अमेरिकी कायदा होता. परिषदेने 32 संदर्भ गोळा केले; त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील 1953 सालचा लेखही होता. अखेर 1997 मध्ये पेटंटमधील ते दावे फेटाळले गेले. आजीची आठवण खरी होती, पण निकाल लागला तो छापील पानावर. म्हणून घरातील जाणत्यांकडून कोणता पाला, त्याचा कोणता भाग आणि तो ओला की वाळलेला, हे आजच वहीत उतरवून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

आता पुन्हा सांगतो: आधी दाब, मग पाला. झाडपाला किरकोळ जखमेपुरताच वापरावा आणि तोही स्वच्छ धुऊन. माती किंवा शेण जखमेवर कधीही लावू नये, कारण त्यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम खोल असेल, रक्त उसळत असेल किंवा दहा मिनिटे दाबूनही थांबत नसेल, तर दाब न सोडता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.