वळचणीला उभा असलेला माणूस

(दृश्य: रात्र. उतरतं छप्पर. कडेवरून पाणी ठिबकतंय.)

जुन्या इंग्लंडमधलं एक घर. छपरावरचं पाणी भिंतीपासून थोडं लांब पडतंय. पाणी ठिबकतं त्या पट्ट्याला तिथे 'ईव्ह्‌जड्रॉप' म्हणत. आपल्या मराठीतली वळचण ती हीच.

आता तिथे कुणीतरी येऊन उभं राहतं. पावलांचा आवाज नाही. कान भिंतीला. आतल्यांच्या गप्पा चालूच आहेत.

या माणसाचं नाव पडलं 'ईव्ह्‌जड्रॉपर', वळचणीला उभा राहणारा. १७६९ साली विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अशा लोकांची गणना सार्वजनिक उपद्रवात केली. नुसतं ऐकण्यावर ते थांबत नाहीत, ऐकलेल्याला तिखटमीठ लावून लोकांची बदनामी करतात, असं त्याचं म्हणणं.

लपवाछपवीसाठी इंग्रजीत शब्दांची रेलचेल आहे. आपण मात्र अनुवाद करताना बहुतेकांपुढे एकच शब्द ठेवून मोकळे होतो: गुप्त. मला हे मनापासून खटकतं. कारण यातला एकेक शब्द वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवतो.

'फर्टिव्ह' घ्या. लॅटिनमध्ये 'फूर' म्हणजे चोर. त्यातूनच हा शब्द आला. म्हणजे 'फर्टिव्ह' नजर ही चोरटी नजर. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'गुप्त दृष्टिक्षेप' कशासाठी लिहायचं? 'स्टेल्थ'ही चोरीच्याच घरातला, एके काळी त्याचा अर्थच चोरी होता. आज तो रडारला चकवणाऱ्या विमानाला लागतो आणि त्यात निंदा उरलेली नाही.

'कॉन्स्पायर' मुळात म्हणजे एकत्र श्वास घेणं. आपल्या संगनमतात मतं एक होतात, तिथे श्वास.

(दृश्य: पत्त्यांचा डाव. चेहरे नाहीत, फक्त हात.)

'अबव्ह बोर्ड' हा शब्द जुगाऱ्यांचा. बोर्ड म्हणजे इथे टेबल. हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे, तोवर खेळ सरळ. एक हात हळूच खाली सरकला, की समोरच्याची नजर पानांवरून उठते. 'अंडरहँडेड' म्हणताना इंग्रजी माणूस केवळ लपवण्याबद्दल बोलत नसतो, तो लबाडीचा आरोप करत असतो. मराठीत पैसे 'टेबलाखालून' जातात तेव्हा आपणही त्याच हाताकडे बघत असतो.

(दृश्य: पहाट. नदीवरचा पूल, मधला भाग कोसळलेला.)

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हेरगिरीच्या बातम्यांत. अमेरिकी लष्कराच्या परिभाषेत 'क्लँडेस्टाइन' आणि 'कव्हर्ट' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात मोहीमच लपवायची असते, असं काही घडलं याचा पत्ताही लागता कामा नये. दुसऱ्यात घडलेलं जगाला दिसलं तरी चालतं, त्यामागे कोण आहे ते कळता कामा नये. हा पूल पडलेला सगळे बघताहेत. पाडला कुणी, ते कुणालाच सांगता येत नाही. दोन्हींना 'गुप्त मोहीम' म्हटलं, की बातमीतली नेमकी गोष्ट हातची जाते.

म्हणून 'क्लँडेस्टाइन'साठी मी 'गुप्त' ठेवतो आणि 'कव्हर्ट'साठी 'पडद्याआडून केलेली कारवाई' लिहितो. दोन शब्द जास्त लागतात, लागू देत.